गरोदरपणात चेहऱ्यावर पुरळ: आधी हातातली ट्यूब खाली ठेवा

प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या एका पहिलटकरणीचा आहे. पाचवा महिना चालू आहे. दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या कडेला लालसर पुरळ उठलंय, खाज सुटते, उन्हात गेलं किंवा चुलीपुढे बसलं की भगभग होते. जाऊबाईंकडची एक ट्यूब तीन आठवडे लावली. लावली की दोन दिवसांत चेहरा साफ, सोडली की पहिल्यापेक्षा दुप्पट. सासूबाई म्हणतात, पोटातली उष्णता आहे, बाळंत झाली की जाईल. तिला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत: बाळाला काही होणार नाही ना, आणि आता तोंडाला लावू काय?

ताई, बाळाचं आधी सांगते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. ताप नाही, सांधे दुखत नाहीत, पाण्याचे फोड नाहीत, नुसतं लाल, खाजरं पुरळ आहे, तर त्याने बाळाला सहसा काही होत नाही. तीन आठवडे फक्त चेहऱ्याला लावलेल्या मलमाचाही बाळाला त्रास होण्याची शक्यता फार कमी असते. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. गरोदरपणात स्टिरॉइडची मलमं वापरलेल्या बायकांचा अभ्यास झालेला आहे. त्यात बाळाचं वजन कमी भरण्याशी संबंध दिसला तो तीव्र स्टिरॉइड मलम पूर्ण गरोदरपणात ३०० ग्रॅमच्या वर वापरलेल्या बायकांमध्ये. तुमची एखादी ट्यूब त्या हिशोबात फार थोडी आहे. तेव्हा झालं ते झालं, त्याचा घोर लावून घेऊ नका. पण उद्यापासून ती ट्यूब बंद.

‘लावली की साफ, सोडली की दुप्पट’ हे वाक्य मी लातूरला त्वचेची डॉक्टर म्हणून २२ वर्षं ऐकतेय. आता हे ऐकलं की ट्यूब न बघताही मला कळतं की तिच्यात स्टिरॉइड आहे. बहुतेक वेळा त्यात तीन-चार औषधांची खिचडी असते: एक तीव्र स्टिरॉइड, एक बुरशीचं औषध, एक-दोन जंतूंची औषधं. स्टिरॉइड काय करतं, तर लाली आणि खाज दाबतं. रोग बरा करत नाही. खाली बुरशी असली तर तिला उलट मोकळं रान मिळतं, कारण कातडीची स्वतःची लढायची ताकदही त्याने दबते. चेहऱ्याची कातडी आधीच पातळ. तिथे हे मलम महिना-दोन महिने गेलं की कातडी आणखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. आणि कातडीला त्याची सवय लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं ‘शेड्यूल एच’ मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी गावोगाव ती गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात.

मागच्या पावसाळ्यात औशाच्या बाजूची एक सातव्या महिन्यातली मुलगी आईला घेऊन आली होती. “डॉक्टर, तोंड लई जळायलंय,” एवढंच बोलली आणि कॅरीबॅग टेबलावर रिकामी केली. सहा ट्यूबा. त्यातली एक इतकी दाबलेली की वरची छपाई पुसून गेली होती, आणि तिचं बूड कात्रीने कापून आतलं मलम काडीने खरवडून काढलेलं होतं. म्हणजे संपल्यावरही तिला ती सोडवत नव्हती. चेहऱ्यावर मला साधी लाली दिसत होती. पण तिला खिडकीशी बसवून मान वळवायला सांगितली, तेव्हा कानाच्या पाळीखालून जबड्याकडे जाणारी एक बारीक, किंचित उठलेली कड दिसली, अर्धगोल. त्या कडेचे खवले पात्याने हलके खरवडून काचेच्या पट्टीवर घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. बुरशीचे धागे स्पष्ट दिसले. गजकर्ण होतं. स्टिरॉइडने त्याचं गोल रूप मोडून टाकलं होतं, म्हणून ते कुणाला ओळखू आलं नव्हतं. मग नवऱ्याला आत बोलावलं. त्याच्या जांघेत वर्षभरापासून गजकर्ण, आणि घरात टॉवेल एकच.

तिला काय दिलं? फक्त क्लोट्रिमाझोलचं साधं मलम, दिवसातून दोनदा, कडेच्या बाहेर दोन बोटं जास्तीच्या जागेवर, आणि सगळं दिसेनासं झाल्यावरही पुढे दोन आठवडे. हे गरोदरपणात चालतं. गजकर्णाच्या पोटात घ्यायच्या गोळ्या मात्र आम्ही बाळंतपणापर्यंत टाळतो, ग्रिसिओफुल्विन तर मुळीच नाही. नवऱ्यावरही उपचार केले. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात. चेहरा पूर्ण निवळायला सहा आठवडे लागले.

तुमच्या ट्यूबेत काय आहे ते तुम्हालाही बघता येईल. ट्यूबेच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. त्यात बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी एक नाव जरी असलं तरी ते स्टिरॉइड आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करा. नाहीतर मेडिकलवाल्याला सरळ विचारा, “यात स्टिरॉइड आहे का?” गोरं करण्याची क्रीम म्हणून विकल्या जाणाऱ्या काही ट्यूबांमध्येही मोमेटासोन असतं, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. ही तर गरोदरपणात घराबाहेरच ठेवायची. आणि ज्या डबीवर कंपनीचा पत्ता नाही, घटक नाहीत, अशी ‘परदेशातली’ गोरेपणाची क्रीम कुणी दिली तर तीही नको. अशा काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. पारा वारेतून बाळापर्यंतही जातो.

आता उद्या सकाळपासून काय करायचं ते. ट्यूब बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस चेहरा जास्त लाल होईल, आग होईल, कदाचित बारीक पुटकुळ्याही येतील. हे मी आधीच सांगून ठेवतेय, कारण याच दिवसांत बायका घाबरून पुन्हा तीच ट्यूब हातात घेतात. मऊ सुती कपडा, जुन्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा असला तर उत्तम, माठातल्या पाण्यात भिजवून पिळायचा आणि दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवायचा. दिवसातून तीन-चार वेळा. घासायचं नाही, नुसता ठेवायचा. चेहरा दिवसातून दोनदाच धुवायचा. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही म्हणून आपण साबण जास्त घासतो आणि कातडी आणखी कोरडी पडते. त्यापेक्षा वास नसलेलं सौम्य फेसवॉश, नाहीतर नुसतं पाणी. ओलसर असतानाच वासाचा नसलेला साधा मॉइश्चरायझर, किंवा रात्री पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. खाज फार असेल तर कॅलामाइन लोशन चालतं. लोराटाडिन किंवा सेटिरिझिनची गोळी गरोदरपणात आम्ही देतो, पण ती तुमच्या डॉक्टरला विचारून घ्या. याने जिवाला आराम पडतो आणि रोग ओळखायला चेहरा मोकळा होतो. दहा-बारा दिवसांत त्वचारोगतज्ज्ञाला दाखवाच.

लिंबू, तुरटी, टूथपेस्ट, कच्ची हळद, गोमूत्र हे सगळं या काळात चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या बायकांचे गाल मी भाजल्यासारखे काळे पडलेले पाहिलेत. मुलतानी मातीने तेवढा अपाय नाही, पण कोरड्या, चिडलेल्या कातडीवर ती आणखी ओढ आणते. घरातल्या मोठ्यांचं मन दुखवायचं नाही, हे मला कळतं. “डॉक्टरीणबाईंनी दहा दिवस काहीच लावू नको म्हणून सांगितलंय,” असं माझ्या नावावर सांगा.

पुरळ म्हणजे एकच रोग नव्हे. वांग तर पुरळही नाही. ते तपकिरी डाग असतात, सपाट, खाज नाही, आग नाही. गालाची हाडं, कपाळ, वरचा ओठ या जागा. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी आणि उन्हाने ते येतात, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बरेच फिके होतात. वांगावरून मुलगा की मुलगी हे ओळखतात म्हणे. त्यात काही तथ्य नाही, आणि त्या नजरेने सुनेच्या तोंडाकडे बघणं थांबायला हवं. वांगाला औषधापेक्षा ऊन टाळणं महत्त्वाचं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा अकरा ते चार बाहेर पडू नका, पडावं लागलं तर छत्री किंवा पदर. झिंक ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन गरोदरपणात सुरक्षित आहे, एसपीएफ ३० तरी असावा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लागतं. मुगाएवढा थेंब लावून उपयोग नाही. चुलीची धगही वांग वाढवते.

मुरुमं असतील तर अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचं मलम हे माझं पहिलं औषध आहे. ते वांगालाही थोडं चालतं. पहिला आठवडा चुणचुण होते. बेंझॉइल पेरॉक्साइड, क्लिंडामायसिनचं मलम हेही चालतं. चालत नाहीत त्या गोष्टी: आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, त्याने बाळाच्या हृदयात, मेंदूत, कानात व्यंग येतं. डॉक्सिसायक्लिन आणि त्या जातीच्या गोळ्या, त्याने बाळाच्या दातांचा रंग बिघडतो. ट्रेटिनोइन, अ‍ॅडापलीन ही मलमं. दवाखान्यात केलं जाणारं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं पील, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढणं.

शेतात जात असाल तर गाजर गवत बघा. काही जण त्याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे तण आज मराठवाड्याच्या प्रत्येक बांधावर आहे. त्याचे सुकलेले कण हवेतून चेहऱ्यावर बसतात. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी असते त्यांच्या पापण्या सुजतात, मान, कानामागची खोबण, कोपराची घडी लाल होऊन खाजते. शेतातून आल्यावर वाढतं, चार दिवस माहेरी जाऊन राहिलं की उतरतं. असं गणित जुळत असेल तर ते गवत उपटायला तुम्ही जायचं नाही, बांधावर बसून जेवायचंही नाही, आणि कपडे घराबाहेरच्या दोरीवर वाळत घालताना आजूबाजूला ते उगवलेलं नाही ना ते बघायचं.

आणखी एक, डोहाळजेवण. सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरायची, फोटो काढायचे म्हणून आदल्या दिवशी ब्लीच, फेशियल, केसांना काळी मेंदी. काळ्या मेंदीत केस रंगवायचं रसायन असतं, त्याने डोळे मिटेपर्यंत चेहरा सुजलेल्या मुली मी पाहिल्यात. हौस जरूर करा, गरोदरपणात कौतुक व्हायलाच हवं. पण त्या आठवड्यात चेहऱ्यावर नवीन काही नको. कपाळावर टिकलीच्या आकाराचा लाल किंवा पांढरा डाग असेल तर टिकलीच्या मागच्या गोंदाकडे संशयाने बघा.

आता थांबून चालत नाही अशा गोष्टी. यातली पहिली मी कधी विसरत नाही. बीडकडची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक मुलगी, चौथा महिना. गालांवर आणि नाकावर फुलपाखरासारखी लाली, ती वांग समजून दोन महिने क्रीम लावत होती. मी गालाकडे बघत होते आणि तिची आई सहज म्हणाली, “हिला आता भाकरी थापता येईना झालीय.” बोटांचे सांधे सकाळी सुजायचे. नाकाच्या बाजूच्या, ओठांकडे उतरणाऱ्या घडीत मात्र लाली नव्हती, ती जागा कोरी सुटली होती. लघवी तपासली, प्रथिनं जात होती. ल्युपस होता, म्हणजे शरीराची रोगाशी लढायची ताकद स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, मूत्रपिंडावर उलटते तो आजार. हा आजार वेळेत कळला तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखं औषध गरोदरपणातही चालू ठेवता येतं, ठेवायलाच हवं, आणि बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येतं. तिचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयात, महिनाभर आधी झालं. बाळ दोन किलोचं. दोघंही घरी गेली. तेव्हा गालावरच्या लालीबरोबर सांधेदुखी, तोंडात फोड, बारीक ताप, केस गळणं, पायावर सूज यांतलं काही असेल तर क्रीम शोधत बसू नका, रक्त-लघवी तपासा.

तापाबरोबर चेहऱ्यापासून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ गोवर किंवा रुबेलाचं असू शकतं. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला धोका असतो. पाण्याच्या फोडांचं पुरळ कांजिण्यांचं. आपल्याकडे अजूनही ‘देवी आल्या’ म्हणून कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात आणि दवाखाना वर्ज्य करतात. गरोदर बाईच्या बाबतीत असं करू नका, मी हात जोडून सांगते. तिला कांजिण्यांचा न्यूमोनिया होऊ शकतो, आणि अ‍ॅसायक्लोव्हिर फोड उठल्यापासून २४ तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग होतो. निंब बाजूला ठेवा, देवीला नमस्कार करा आणि त्याच दिवशी निघा. पण निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा, म्हणजे इतर गरोदर बायकांमध्ये बसवणार नाहीत.

चेहऱ्यावर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तिथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. हे नाव ऐकून घरं हादरतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, गरोदरपणात चालतं, आणि पूर्ण बरं होतं. आणि पुरळ काहीच नाही, पण शेवटच्या तीन महिन्यांत रात्री तळहात-तळपायांना वेड लागेल अशी खाज असेल तर ती कातडीची नव्हे, यकृताची असू शकते. त्यात बाळाला धोका असतो. तिथे त्वचेच्या डॉक्टरकडे न येता थेट बाळंतपणाच्या डॉक्टरकडे.

एक गोष्ट जड मनाने सांगते. गरोदर असल्याचं कळायच्या आधी मुरुमांचं अ‍ॅडापलीन मलम लावलं म्हणून एका मुलीला घरच्यांनी ‘खाली करून घे’ असं सांगितलं होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा तारीखही ठरली होती. चेहऱ्याला लावलेल्या या मलमाचा रक्तात जाणारा भाग अगदी नगण्य असतो. कळल्या दिवशी बंद करायचं, डॉक्टरला सांगायचं, नेहमीच्या सोनोग्राफ्या वेळेवर करायच्या, एवढं पुरतं. गोळ्यांची गोष्ट वेगळी, आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर त्याच दिवशी दाखवा. पण मलमासाठी पोट पाडायचं नसतं. ती मुलगी पुढच्या वर्षी लेकीला कडेवर घेऊन आली होती.

उलटी भीतीही बरी नव्हे. डॉक्टरने तपासून, रोगाचं नाव सांगून, पाच-सात दिवसांसाठी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिलं तर ‘स्टिरॉइड नको’ म्हणून ते फेकून देऊ नका. गरोदरपणातल्या एक्झिमाला, म्हणजे इसबाला, ते लागतं आणि ते सुरक्षित आहे. मी भांडते ती न तपासता, न मोजता, महिनोन्‌महिने लावलेल्या ट्यूबेशी.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथल्या डॉक्टरला चेहरा दाखवा आणि त्वचा विभागाची चिठ्ठी मागून घ्या. लातूर, अंबाजोगाई, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी आहे. येताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब आणा, रिकामी असली तरी आणि जाऊबाईंची असली तरी. गरोदरपणाचं कार्ड, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि आयुर्वेदिक काढा चालू असेल तर त्याची बाटलीही. पुरळ कमी-जास्त होत असेल तर जास्त असतानाचे फोटो काढून ठेवा: सकाळी, तोंडाला काही न लावता, दारात उजेडाकडे तोंड करून, एक समोरून आणि दोन बाजूंनी. मोबाइलमधला ब्युटी मोड आधी बंद करा, नाहीतर मला जे बघायचंय तेच तो पुसून टाकतो.